हेराल्डची धाकटी बहीण

कमानपाटा | शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आज संध्याकाळी आमच्या जुन्या हेराल्ड गाडीचं बॉनेट उघडून बसलो होतो. शेजारची पाचवीतली मुलगी खेळता खेळता आली आणि जागीच थांबली. "आजोबा, गाडीचं अख्खं तोंडच उघडलंय!" मी हे बॉनेट पहिल्यांदा उघडताना पाहिलं तेव्हा जवळपास तिच्याच वयाचा होतो. ती गेल्यावर कामात लक्ष लागेना, म्हणून लिहायला बसलो.

साल १९७४, सातारा. बाबा वकील. पुण्याच्या एका अशिलाकडून त्यांनी जुनी गाडी घेतली. १९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड मार्क थ्री, फिकट निळी, चार दरवाज्यांची. तेव्हा गाडी म्हटली की तीनच नावं: अँबॅसिडर, फियाट आणि हेराल्ड. नवी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. बाबांना थांबायचं नव्हतं आणि तेवढे पैसेही नव्हते.

गाडी दारात आली त्या रविवारी बाबांनी दोन्ही बाजूंच्या खिट्या सोडल्या, काचेकडून बॉनेट धरलं आणि उचललं. दिवे, मडगार्ड, जाळी, सगळं एकत्र पुढे कलंडलं. इंजिन, स्टिअरिंगचा दांडा, पुढची चाकं, त्यांच्या स्प्रिंगा, काहीही लपलेलं राहिलं नाही. बाबा पुढच्या टायरवर पाटावर बसावं तसे बसले आणि प्लग काढायला लागले. मी दुसऱ्या टायरवर. गाडी आतून कशी असते ते मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी त्या टायरवर बसून पाहिलं.

चालवायला मात्र ती फियाटपेक्षा वेगळी होती. फक्त २५ फुटांच्या वर्तुळात वळायची. भवानी पेठेतल्या ज्या बोळात अँबॅसिडर तीनदा मागेपुढे करायची तिथे हेराल्ड एका दमात फिरायची. आणि मागची चाकं! डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, डोक्यावर एकच आडवा कमानपाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग (माझं इथलं नाव त्यावरूनच), आणि दोन्ही बाजूंना पंखांसारखे वरखाली होणारे अर्धे ॲक्सल. वळणात जोरात शिरून मध्येच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडीचं ढुंगण उचललं जातं आणि बाहेरचं चाक खाली दुमडायला बघतं. बाबांनी मला पसरणी घाटात गाडी शिकवली तेव्हा एकच गोष्ट दहादा सांगितली: "वेग वळणाच्या आधी कमी कर. आत शिरल्यावर पाय हलका ठेव, पण काढू नकोस." आजही कुठलीही गाडी मी अशीच चालवतो.

आता इंग्लंड. १९८९ साली मशीन टूलच्या कामासाठी कंपनीनं मला कॉव्हेंट्रीला पाठवलं. पहिल्याच महिन्यात एका रविवारी फिरायला निघालो होतो. एका घरापुढे छोटीशी लाल, उघडी, दोन माणसांची गाडी उभी. नाक लांब, बसायची जागा जमिनीला टेकलेली. एक म्हातारे गृहस्थ वाकून काहीतरी करत होते. त्यांनी बाजूची खिटी सोडली. खट्ट. दुसरी सोडली. खट्ट. आणि गाडीचं अख्खं नाक पुढे कलंडलं.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी रस्ता ओलांडून सरळ त्यांच्या अंगणात शिरलो आणि सांगितलं, माझ्या वडिलांची गाडी अशीच उघडते. त्यांनी मला पुढच्या टायरवर बसायला सांगितलं!

ती ट्रायम्फ स्पिटफायर. चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, हेराल्डचीच, आखूड केलेली. पुढचं सस्पेन्शन तेच, मागचा कमानपाटा तोच, आणि दोघींचा चेहरा रेखाटणारा माणूसही तोच, तुरिनचा जिओव्हानी मिकेलोत्ती. दोघींचं हे नातं जुळलं कसं, त्याची गोष्ट मला फार आवडते. पन्नासच्या दशकात सगळे गाडीवाले एकसंध पत्र्याच्या, वेगळी चेसिस नसलेल्या गाड्यांकडे वळत होते. या दोन्ही गाड्यांची इंग्लिश कंपनी स्टँडर्ड-ट्रायम्फ. तिला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) हातात गेला. एकसंध बॉडी बनवून देणारं कोणी उरलं नाही. मग त्यांनी जुनी वाट धरली: खाली वेगळी चेसिस, वर बोल्टने जोडलेले बॉडीचे तुकडे. १९५९ साली हेराल्ड आली ती अशी, नाइलाजातून. पण चेसिस वेगळी असल्यामुळेच ती कापून आखूड करता आली, वर दुसरं अंग चढवता आलं. आणि त्याच रचनेमुळे १९६१ पासून आपल्याकडे मद्रासजवळ हेराल्ड बांधणंही सोपं गेलं.

स्पिटफायरचा नमुना तयार झाला तेव्हा कंपनीकडे पैसा संपला होता. गाडी कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिली. १९६१ साली लेलँडनं कंपनी घेतली, नवे साहेब कारखाना बघत फिरत असताना त्यांनी ते कापड उचललं. १९६२ साली गाडी बाजारात आली आणि १९८० पर्यंत तीन लाखांवर विकली गेली.

त्या गृहस्थांनी मला त्याच दिवशी फेरी मारायला दिली. पुढच्या वर्षी मी माझी घेतली: १९६८ ची मार्क थ्री, १२९६ सीसी, ७५ अश्वशक्ती. आमच्या हेराल्डचं ९४८ सीसीचं इंजिन पस्तिशीच्या आसपास ताकद द्यायचं, त्यामुळे धाकटी बहीण दुप्पट दमाची. तरी सांगतो, वेगासाठी कोणी ती घेऊ नये. आजची साधी हॅचबॅक तिला सहज मागे टाकेल. पण तुम्ही इतके खाली बसलेले असता की ताशी ६० किलोमीटरला शंभराचा भास होतो. स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. पुढे पाऊस पडून गेलाय हे टायरच्या आवाजावरून समजतं. गाडी सतत बोलत असते आणि तुम्हाला ऐकावंच लागतं. मला गेली पन्नास वर्षं याचंच वेड आहे. जॅग्वार ई-टाइप मी डोळे भरून पाहिली आहे, ती सुंदरच आहे, पण माझा जीव या छोट्या, हलक्या, सामान्य नोकरदारानं घ्यावी अशा स्पोर्ट्स कारमध्ये अडकला.

२००१ साली पुण्याला परत आलो तेव्हा स्पिटफायर आणता आली नाही. विकली. ज्यांना विकली त्यांनी अजून जपली आहे. सेवानिवृत्तीनंतर बाबांची हेराल्ड साताऱ्याच्या गोठ्यातून बाहेर काढली आणि चार वर्षं खपून उभी केली.

एक घटना सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेराल्ड आणि स्पिटफायर दोघींच्या पुढच्या चाकामागे एक उभा लोखंडी दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला आटे, आणि ते टोक काशाच्या एका ठोकळ्यात स्क्रूसारखं बसलेलं. इंग्रजीत त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो. तिथे ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं, ग्रीस नाही. ग्रीस वाळून बसतं, पाणी आत मुरतं, आटे गंजतात. १९७९ साली आमच्या गाडीला एका मिस्त्रीनं वर्षभर ग्रीसच भरलं. वाईच्या बाजारात, अगदी हळू वळताना, डावीकडचा दांडा आट्यातून तुटला आणि चाक आडवं झालं. आई मागे बसली होती. घाटात असतो तर? तेव्हापासून, गाडी माझ्या हातात असताना, दर दोन महिन्यांनी तिथे तेल घालणं मी एकदाही चुकवलेलं नाही.

गंमत म्हणजे हाच पुढचा दांडा इतका चांगला होता की लोटसनं सेव्हन आणि एलानसाठी उचलला. ज्या गाड्यांच्या वळणांच्या कथा लोक आजही सांगतात, त्यांच्या पुढच्या चाकामागे आपल्या हेराल्डचाच सुटा भाग होता.

तुमच्याही आठवणी लिहा. आणि एक विनंती: मला मागच्या डाव्या दाराची बाहेरची मूठ हवी आहे. इंजिनाचं, चाकांचं सगळं सामान इंग्लंडहून अजूनही नवं मिळतं, स्पिटफायरच्या कृपेनं. पण चार दरवाज्यांची हेराल्ड फक्त भारतात बनली. मागच्या दारांचं सामान जगात दुसरीकडे कुठेच नाही. सध्या ते दार आतून दोरीनं बांधलेलं आहे.

घाटमाथा | शनिवार, रात्री ११.०२

काका, काय लिहिलंय! आमच्या मामांकडे हेराल्ड होती कऱ्हाडला. लग्नाच्या वरातीत बॉनेटला हार घालायचे आणि मध्येच गाडी तापली की हारासकट बॉनेट उघडायचं. अजून लिहा.

रिचमंड_टाऊन | रविवार, सकाळी ७.४०

मी बंगळूरचा, घरी मराठी. काका मला सत्तरच्या दशकाच्या शेवटी शोलावरमला घेऊन गेले होते. मद्रासच्या उत्तरेला महायुद्धाच्या काळातली जुनी धावपट्टी, तिथे शर्यती व्हायच्या. सावली नावाला नाही. मैदानात लोकांनी घरून डबे आणलेले. फियाट एका पाठोपाठ एक वळणावर यायच्या, आतलं चाक उचललेलं, आणि सायलेन्सर काढून टाकल्यामुळे आवाज छातीत घुमायचा. त्याच गाड्या शनिवारपर्यंत कोणाच्या तरी ऑफिसला जायच्या. सोमवारी परत जाणार. परदेशी स्पोर्ट्स कार मिळत नव्हती म्हणून लोकांनी होती ती गाडी स्पोर्ट्स कार करून टाकली. मला वाटतं भारतातलं हे वेड समजून घ्यायचं तर तिथून सुरुवात करायला हवी.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे सॅन स्टॉर्म आली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, दोनच माणसं. एकदा चालवायला मिळाली. घेऊ शकलो नाही याची हळहळ अजून आहे.

मिडलंडकर | रविवार, दुपारी २.२०

धागा वाचून राहवलं नाही. मी बर्मिंगहॅमजवळ राहतो, माझ्याकडे १९७२ ची एमजीबी आहे. कमानपाटाकाका, तुमच्या लाडकीला नावं ठेवत नाही, पण रोज वापरायची जुनी स्पोर्ट्स कार हवी असेल तर मी एमजीबीच सांगेन. १७९८ सीसीचं इंजिन बैलासारखं दणकट, मागे साधा अखंड ॲक्सल, त्यामुळे वळणात ते दुमडणं वगैरे नाही. १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांवर बनल्या, म्हणून सामानाची ददात नाही. विटनी गावात जुने मूळ साचे वापरून एमजीबीची अख्खी नवी बॉडी अजून बनवून मिळते. गंजलेली गाडी घेऊन जा, नव्या अंगात जीव घाला.

इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर नाही, वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. तरी मी दरवर्षी तपासून घेतो. ब्रेकच्या बाबतीत स्वतःला फसवून चालत नाही.

पण मला सांगायचं होतं ते कार्बोरेटरबद्दल, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाबद्दल. एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर जुळवणं मला शेजारच्या एका निवृत्त कारागिरानं शिकवलं. कुठलंही यंत्र नाही. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत खेचली जातानाची सिस् ऐकायची. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्हींचा सूर एक होईपर्यंत स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचा. तंबोऱ्याच्या तारा जुळवतात तसं! पहिल्यांदा सूर लागला तेव्हा इंजिनाची थरथर अचानक थांबली आणि डॅशबोर्डवरचा चहाचा कप स्थिर झाला.

जाता जाता, १९६५ साली स्पिटफायर फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिली आणि दुसरी आली होती. काकांनी हे लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो.

सुलभा_ठाणे | रविवार, रात्री ९.०५

लेख फार आवडला, म्हणूनच थोडं भांडते.

माझे बाबा मिस्त्री होते. गिरगावात गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज, छप्पर म्हणजे ताडपत्री. फियाट जास्त, पण हेराल्ड यायच्या. मी शाळेतून आले की दप्तर टेबलाखाली टाकून पाने द्यायला उभी. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट बाबा जाड कार्डानं मोजायचे, आणि नंतर मी गेज लावून बघितलं तर बरोबर पंधरा हजारांश इंच भरायची.

तुम्ही लिहिलंत की मिस्त्रीनं ग्रीस भरलं आणि दांडा तुटला. खरं असेल. पण त्या मिस्त्रीला कोणी सांगितलं होतं का, की इथे ग्रीस चालत नाही? गाडीचं पुस्तक इंग्रजीत, आणि तेही मालकाच्या कपाटात. फियाटला ग्रीस, अँबॅसिडरला ग्रीस, मग हेराल्डला तेल हे तो कुठून शिकणार? स्टँडर्डनं पुढे गझेल काढली तेव्हा मागचे पंखवाले ॲक्सल काढून साधा अखंड ॲक्सल बसवला. कारण काय, तर इथल्या मालकांना आणि मिस्त्रींना ती रचना पसंत नव्हती. 'मिस्त्रींना जमत नाही' असंच सगळे म्हणायचे. शिकवायचं कोणाच्या मनात आलं नाही.

आमच्या घरी काय व्हायचं सांगते. एका पारशी गिऱ्हाइकानं बाबांना हेराल्डचं सर्व्हिस पुस्तक आठ दिवस वापरायला दिलं. मी सातवीत होते. रोज रात्री जेवण झालं की मी एकेक पान मोठ्यानं वाचायची, शब्द अडला की डिक्शनरी, आणि मराठीत सांगायची. बाबा ते त्यांच्या वहीत लिहून घ्यायचे, चित्रासकट. तुमच्या त्या ट्रनियनचं पान मला पाठ आहे. चित्राखाली त्यांनी लिहिलंय: "खालचं पितळ. ग्रीस देऊ नये. ९० नं. तेल. न दिल्यास चाक पडेल." खाली दोन रेघा.

जुन्या गाड्यांवर प्रेम करणारे लोक डिझायनरचं नाव सांगतात, कारखान्याचं सांगतात. ज्यानं ती गाडी चाळीस वर्षं चालती ठेवली त्याचा उल्लेख फक्त चूक झाली की होतो. हे मला लागतं.

कमानपाटा | रविवार, रात्री ११.३०

सुलभाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग पत्नीला वाचून दाखवला.

तुमचं खरं आहे. आमच्याकडे ते पुस्तक होतं. बाबांच्या कपाटात, वकिलीच्या पुस्तकांशेजारी. दांडा तुटल्यावर बाबांनी ते काढलं, पान शोधलं आणि मला दाखवलं. त्या मिस्त्रींना त्यांनी कधीच दाखवलं नाही. दुसऱ्याकडे गाडी न्यायला लागलो, एवढंच. तेव्हा मला ते न्याय्य वाटलं होतं. त्या माणसानं आमची गाडी पाच वर्षं सांभाळली, रात्री दहाला येऊन डायनॅमो दुरुस्त केला, यातलं काही मी लिहिलं नाही.

कॉव्हेंट्रीच्या गृहस्थांनी मला, अनोळखी माणसाला, टायरवर बसवून तासभर शिकवलं. आम्ही आमच्या मिस्त्रीला एक पान वाचून दाखवलं नाही.

तुमच्या बाबांची वही अजून आहे का? असेल तर त्या पानांचे फोटो इथे टाकाल का? हेराल्ड असलेले मला महाराष्ट्रात सात-आठ जण माहीत आहेत. सगळ्यांच्या मिस्त्रींपर्यंत पोचवीन.

पर्वरीकर | सोमवार, सकाळी १०.१०

गोव्यातून एक छोटी भर. लहानपणी आमच्या शेजाऱ्यांकडे एमजी टीसी होती. १९४५ ते ४९ मधली, लांब मडगार्ड, सायकलीसारखी १९ इंची तारांची चाकं. १२५० सीसीचं इंजिन. तिच्या इंजिनाबद्दल एक गोष्ट आमचे मिस्त्री हसत सांगायचे: बोल्टचं डोकं इंग्रजी मापाचं, आटे मेट्रिक! इंग्रजी पाना लागतो म्हणून कोणी इंग्रजी नट आवळायला गेलं की आटे खलास. कारण पुढे वाचनात आलं. एमजी ज्यांची, त्या मॉरिसनं कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला होता. आतली यंत्रं फ्रेंच, मेट्रिक आटे पाडणारी. ती बदलण्यापेक्षा डोकं इंग्रजी ठेवलं. हेही कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं, आमच्या मिस्त्रींना दोन बोल्ट गमावून कळलं. सुलभाताईंना अनुमोदन.

वेदांत_नाशिक | सोमवार, दुपारी १.४५

सर, मी २४ वर्षांचा आहे. ओझरजवळ एका शेडमध्ये १९७० ची हेराल्ड पाहिली आहे, मालक द्यायला तयार आहेत. दोन प्रश्न. एक, आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुन्या गाडीला चालेल का? दुसरा, विंटेज गाड्यांसाठीचं ते व्हीए नंबरचं रजिस्ट्रेशन करावं का? आणि घ्यावी की नाही, तेही सांगा.

कमानपाटा | सोमवार, रात्री ८.५०

वेदांत, आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. चेसिस बघ. वरचा पत्रा सगळा बोल्टचा आहे, एकेक तुकडा काढून ठोकून घेता येतो. पण चेसिसचे मागचे बाहेर आलेले हात, डिकीखालचे, तिथे छोटी हातोडी हळू मारून ऐक. टण् आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आत गंजानं पोकळ झालंय. वरून रंग कितीही चकचकीत असला तरी लांबी (पुट्टी) भरून सगळं झाकता येतं, आवाज झाकता येत नाही. बॉनेट उघडताना वाकडं होतंय का, बंद केल्यावर दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, तेही बघ. सारखी नसेल तर गाडी कधीतरी आपटलेली आहे.

पेट्रोलचं. मी उसाच्या पट्ट्यातला माणूस, इथेनॉलला शत्रू मानत नाही. पण १९७० च्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोलच्या नळ्या फुगतात, मऊ होतात, आतून सुटणारे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. पंपाचा पडदाही जातो. नळी इंजिनाजवळ पाझरली तर आगीचा धोका, म्हणून हे पहिलं काम: सगळ्या नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाल. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल टाकीत साठवून ठेवू नकोस, पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. तिसरं, मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी, आणि इंजिन जास्त तापतं. सोलेक्स कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा लावून बघ आणि प्लगचा रंग बघत जा. विटकरी-तपकिरी हवा. पांढरा पडला तर अजून पातळ आहे.

व्हीएचं. २०२१ साली केंद्रानं नियम केले: पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण मग गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला नेणं एवढंच. मी ती वाट घेतली नाही. दर पाच वर्षांनी आरटीओत नेतो, पासिंग करतो, पर्यावरण कर भरतो आणि मंडईत भाजी आणायला हेराल्डनं जातो. तुला ती कशासाठी हवी आहे ते ठरव, मग नोंदणी ठरव.

आणि घेतलीस तर पहिल्या दिवशी, धुवायच्याही आधी, खालच्या पितळात ९० नंबरचं तेल घाल.

मिडलंडकर | सोमवार, रात्री ९.३०

वेदांत, काकांनी सगळं सांगितलंय. फक्त एक: ट्रनियन घरी उघडलेस तर डाव्या-उजव्याची अदलाबदल करू नकोस. दोन्हींचे आटे उलट दिशेचे आहेत. माझ्या मित्रानं ते केलं आणि अख्खा रविवार गेला.

सुलभा_ठाणे | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

काल भावाकडे जाऊन माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. वही आहे. वाळवी लागलेली नाही. कडेला तेलाचे डाग आहेत, पण अक्षर वाचता येतं. हेराल्डची बावीस पानं भरली. सगळ्यांचे फोटो रात्री टाकते. काही शब्द बाबांनी स्वतः तयार केले आहेत, त्यांचे अर्थ मी बाजूला लिहीन. वेदांत, त्यात चेसिसच्या मागच्या हातांचं चित्रही आहे, कुठे ठोकून बघायचं तिथे फुली मारलेली. कमानपाटाकाका म्हणतात तीच जागा.

पेटीच्या तळाशी एका डब्यात दारांच्या मुठी निघाल्या. तीन फियाटच्या. एक वेगळी आहे, लांबट, क्रोम थोडं उडालंय, बटण आत दाबून सुटतं. तिला बांधलेल्या चिठ्ठीवर बाबांच्या अक्षरात "हेराल्ड मागील" एवढंच आहे. डावी की उजवी कळत नाही.

कमानपाटा | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

ताई, मूठ दाराला लावल्यासारखी धरा, बटण तुमच्याकडे. मागून निघालेला चौकोनी दांडा मधोमध आहे की एका बाजूला? बाजूला असेल तर कुठल्या?

सुलभा_ठाणे | मंगळवार, संध्याकाळी ६.५२

एका बाजूला. माझ्या डाव्या हाताकडे. स्प्रिंग शाबूत आहे, दाबून पाहिली.

कमानपाटा | मंगळवार, संध्याकाळी ६.५५

डावी आहे. माझ्या उजव्या दाराची समोर धरून पाहिली, बरोबर उलटी. शनिवारी सकाळी सहाला पुण्याहून निघतो, जुन्या घाटानं, हळूहळू. दहापर्यंत ठाण्यात पोचेन. तुमच्या भावाला सांगा, गाडी लावायला फार जागा लागत नाही. आणि तुम्हाला चालत असेल तर मूठ तिथेच बसवू. पाने मी आणतो, दोरी तुम्ही सोडा.